शर्ट खंयच्या रंगाचो?

आमच्या चॅनेलने सिंधुदुर्गात मोठा ताफा ठेवला आहे. त्यात बातमीदार मी, कॅमेरामन मी, आवाजाचं बघणारा मी, एडिटर मी, ड्रायव्हर मी आणि पाऊस आला की कॅमेऱ्यावर छत्री धरणाराही मीच. एकदा तर मला माझीच मुलाखत घ्यावी लागणार होती. मी प्रतिक्रिया द्यायला नकार दिला म्हणून सुटलो.

आधी माझ्याबरोबर एक कॅमेरामन असायचा. चॅनेलने त्याला घरी बसवलं आणि मुंबईहून फोन आला, "सर, अभिनंदन! आता तुम्ही सगळंच करणार." तेव्हापासून मी सगळं शिकत सुटलो. वेंगुर्ल्याच्या जेटीवर मासळीच्या टोपल्यांमध्ये बसून मोबाईलवर बातमी कापायला शिकलो. वाऱ्यात माईक कुठे लपवायचा ते शिकलो. ड्रोन मात्र शिकलो लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाकडून. पहिल्याच दिवशी ड्रोन माडाच्या झावळ्यांत जाऊन बसला. काढायला वर चढलेला गडी शेंड्यावरून ओरडला, "अरे, ह्या नारळाक पंखे खंयसून फुटले?" पण मी हटलो नाही. पुढे असा उडवायला लागलो की घारी येऊन शिकवणी लावतील की काय अशी भीती वाटायची. शेवटी ड्रोनचं चित्र उडतानाच मोबाईलवरून थेट मुंबईच्या ऑफिसात पाठवायलाही जमलं. ते जमलं त्या आठवड्यात मी भेटेल त्याला थांबवून सांगत होतो. बँकेतल्या शिपायालाही सांगितलं.

त्याच आठवड्यात आंबोलीला जावं लागलं.

ऑगस्ट होता. आंबोलीचं धुकं ऑगस्टात असं असतं की समोरचा माणूस बोलला तरच आहे म्हणायचं. घाटातल्या कठड्याला लागून सकाळपासून एक मोटरसायकल उभी होती. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पोलिसांनी नंबरावरून घर शोधून बापाला बोलावलं होतं. इन्सुलीच्या जरा आतल्या गावचा शेतकरी. भात आणि थोडे काजू. तो तसाच मळ्यातून उठून आला होता, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. मुलगा विशीतला. सावंतवाडीला जातो सांगून सकाळी निघाला होता.

"फोटो काढूक थांबलो असतलो," बाप सारखा म्हणत होता. "पाय सरकलो असतलो."

कोणी काही वेगळं म्हटलेलं नव्हतं.

दरीत उतरणारी तिथली पोरं दोर घेऊन तयार होती. त्यांचा म्होरक्या एरवी घाटात भजीची टपरी चालवतो. तो माझ्याकडे आला. "पत्रकारानू, दोर खंय सोडूचो ता कळाक व्हया. तुमचा ता उडता यंत्र काढा बगू." मग बापाकडे वळला. "काका, शर्ट खंयच्या रंगाचो? सगळा हिरवागार. आमी शोधूचा काय?"

 बापाला आठवेना. निळो, म्हणाला. मग म्हणाला, "नाय, निळो कालचो." सकाळी मुलगा गेला तेव्हा तो गोठ्यात होता. शर्ट बायकोलाच ठाऊक. आणि बायकोला अजून काहीच ठाऊक नव्हतं. तिला त्याने बाजारात जातो एवढंच सांगितलं होतं.

त्याने फोन लावला. "गो, आयकतंस मां? झिलान आज शर्ट खंयचो घातल्यान?"

पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "कित्या?"

"असोच. हय एक जण इचारता."

"कोण इचारता? काय झाला?"

 त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, "तुमी सांगा. तुमका बोलूक येता."

मला बोलूक येता. ही ख्याती सगळ्या जिल्ह्यात आहे. मी फोन घेतला. "काकी, मी टीव्हीवालो बोलतंय. सकाळी सावंतवाडीच्या बाजारात शूटिंग केलंय. गर्दीत एक झील दिसलो. काका म्हणतत तो तुमचोच. खात्री करूक शर्टाचो रंग इचारलो."

"अगो बाई! माजो झील टीव्हीर?" ती हसायलाच लागली. "तांबडो. चौकडीचो. मीच काल इस्त्री केलंय. तेचे केस विंचरलेले आसत मां? सकाळी तसोच उठान गेलो."

"विंचरलेले आसत."

"कधी दाखयतले?"

"सांजेक."

"मग आताच लावन ठेवतंय."

आयुष्यात मी बक्कळ थापा मारल्या आहेत. इतकी अलगद कुठलीच कुणाच्या गळी उतरली नव्हती.

धुकं थोडं वर उचललं तसा मी ड्रोन सोडला. कड्याखाली गेला की चित्र अडकतं, म्हणून कठड्यावरून वाकून उभा राहिलो. भजीवाल्याने मागून माझा पट्टा धरला. खाली वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक फुटकी छत्री. पर्यटकांनी दरीत दुसरा बाजारच भरवला आहे. प्रत्येक पिशवी मला तांबडी वाटत होती. आणि मग एका झुडपाच्या बुंध्याशी खरोखरच तांबडं दिसलं.

माझे हात शिकलेले होते. त्यांनी मला न विचारता ड्रोन स्थिर केला, झूम हळूहळू पुढे नेलं, शर्ट बरोबर मध्यावर घेतला. शिकताना लग्नांत असा शॉट मला कधी साधला नव्हता.

बाप शेजारी येऊन उभा होता.  त्याने स्क्रीनवरच्या शर्टावर बोट ठेवलं. बोट लागताच कॅमेऱ्याने तिथला फोकस आणखी नीट केला. चौकडीची एकेक रेघ दिसायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईच्या डेस्कवरची मुलगी. "सर, कमाल! व्हिज्युअल्स लाइव्ह येतायत इकडे. बॉडीच आहे ना? ब्रेकिंग चालवते."

ऑफिसला जोडलेलं ते चित्र मी विसरूनच गेलो होतो. दाखवायची हौस म्हणून उडवतानाच सुरू केलं होतं. आणि इन्सुलीकडे एक बाई आमचंच चॅनेल लावून बसली होती.

"बॉडी कसली?" मी म्हणालो. "बुजगावणं आहे. कुणाच्या तरी शेतातलं पाण्याबरोबर वाहून आलंय."

"पण सर, शर्ट चांगला नवा दिसतोय."

"आमच्याकडे बुजगावण्यांनाही इस्त्री करून घालतात."

ती खळखळून हसली. "तुम्ही पण ना, सर." मी ऑफिसकडे जाणारं चित्र तोडलं. फोन खाली घेतला तेव्हा लक्षात आलं की बाप हातभर अंतरावर होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. कसं ते मला आजही सांगता येत नाही, आणि मला सांगता न येणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

"माका घराक न्हेवा," तो म्हणाला. "तिका टीव्हीर कळाक नको."

भजीवाला म्हणाला, "जावा काका. वर काढूक वेळ लागतलो. आमी आसव."

हवालदाराने मला बाजूला घेतलं. "बाकीचे चॅनेलवाले घाटाच्या पायथ्याशी आलेत. मी कोणाकोणाला थांबवू?"

घाट मी असा उतरलो की वळणांना मी येऊन गेलो हे दुसऱ्या दिवशी कळलं असेल. बाप मांडीवर दोन्ही हात उलटे टाकून बसला होता. सावंतवाडी मागे पडली तेव्हा एकदाच बोलला. "केस विंचरलेले आसत म्हणालात. तिका बरा वाटला."

घराच्या पडवीत चपलांची गर्दी. तिने वाडीतल्या बायकांना बोलावून घेतलं होतं. टीव्हीवर आमचंच चॅनेल चालू होतं. वेंगुर्ल्याहून मी सकाळी पाठवलेली बातमी, मागे माझा आवाज. मी दारातून तेच बोललो असतो तर तिने लगेच ओळखलं असतं. बोललो नव्हतो, तरी माझ्या गळ्यातला माईक बघून तिने ओळखलंच.

"तुमीच मां ते? येवा, बसा. च्या ठेवतंय. अजून लागूक नाय." मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी पण बसा हयसर. पाय मागसून धुवा."

तो चपलांसकट आत गेला. टीव्हीसमोर उभा राहून खालीवर बघायला लागला, बटण सापडेना. रिमोट तिच्या मांडीवर होता.

"दी तो हय," त्याने हात पुढे केला.

"वायच थांबा ओ," ती मान वाकडी करून त्याच्या आडून बघत म्हणाली. "बाजूक व्हा. आता लागतलो."