दामूकाकांची व्हर्मूथ

दामूकाका ग्लासात काही ओतायच्या आधी रिकामा ग्लास नाकाशी धरायचे. जरा जरी साबणाचा वास आला की ग्लास परत किचनमध्ये, माझ्याकडे. "मीनाबाई, हा आंघोळ करून आलाय, पण अंगावरचा साबण धुतलेला नाही." मी मनात म्हणायची, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

तलासरीच्या हायवेवरच्या त्या हॉटेलात मी किचन सांभाळायची आणि ते परमिट रूम. मूळचे नरपडचे. चिकूची वाडी भावाच्या हवाली करून सगळी उमर जहाजावर स्टुअर्ड म्हणून काढलेली. २०१५च्या सुमारास आमच्याकडे आले ते ऐन मे महिन्यात काळं जाकीट घालून. माणूस मिरवणारा होता. कौतुक केलं की फुलायचे, नाही केलं तर आठवण करून द्यायचे.

पण आमचं गिऱ्हाईक कसलं? पलीकडे गुजरात, तिथे दारूबंदी. माणसं घाईघाईत यायची, उभ्याउभ्या दोन पेग घशाखाली घालायची आणि पळायची. "ही काय डिझेल भरायला येतात?" दामूकाका चिडायचे. टेबल-खुर्च्यांचा हॉल रिकामाच. शेवटी धाकट्या शेठनी ठरवलं, हॉल मोडायचा आणि बाटल्या विकायला नुसती खिडकी ठेवायची. दामूकाकांनी सांगून टाकलं, "खिडकीत मी उभा राहणार नाही. हॉल गेला की मी गेलो." वापीहून त्यांचे थोरले भाऊ, मोठे शेठ, येणार होते, शेवटचा शब्द त्यांचा.

दामूकाकांची सगळी भिस्त एका बाटलीवर होती. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलचा माल धाकट्या शेठनी उचलला, त्यात इटलीच्या पांढऱ्या व्हर्मूथची खोकी आली. ही वाइनच, पण जडीबुटी घातलेली. शेठनी एक बाटली उघडून शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली मांडली होती. फॉरेनची ना ती. पाहुणा आला की त्यातली बोटभर द्यायचे आणि पाहुणा तोंड वाकडं करायचा. माल खराब आहे असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. दामूकाकांनी ती बाटली हुंगली आणि सरळ मोरीत ओतली. शेठ भडकले.

"शेठ, ही व्हिस्की नाही वर्षभर मांडून ठेवायला," दामूकाका म्हणाले. "सकाळची ताडी तुम्ही संध्याकाळी पिता का? हिचंही तसंच, फक्त जरा दमानं. एकदा उघडली की थंडाव्यात ठेवायची आणि महिन्याभरात संपवायची."

थंडावा म्हणजे माझा फ्रिज. मी कंबर कसून उभी राहिले. तुमच्या बाटलीपायी माझी कोलंबी काय उन्हात टाकू? ते भांडले नाहीत. नवी बाटली उघडली, थोडी ग्लासात घेतली आणि माझ्यापुढे धरली. "पिऊ नको. नुसता वास घे." मी वास घेतला. चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो ना, अगदी तो वास. "दवण्याच्याच जातीची एक कडू वनस्पती असते यात," ते म्हणाले. मग मी जिभेच्या टोकानं चवही घेतली. आधी गोड, मागून कडू, आणि तोंड कसं लख्ख. फ्रिजचा एक खण मी मुकाट्यानं रिकामा करून दिला.

मोठे शेठ रविवारी दुपारी आले. कपाळाला आठ्या, बसायचं नाव नाही. "जल्दी दाखवा काय ते, मला निघायचंय."

"वेळ लागेल, शेठ. बसा तोवर," दामूकाका म्हणाले, पण शेठ उभेच राहिले. दामूकाकांनी गार केलेला ग्लास काढला. त्यात बर्फाचा एकच मोठा खडा टाकला, वर व्हर्मूथ ओतली. कागदी लिंबाची पातळ साल काढून ग्लासावर पिळली, म्हणजे सालीतलं तेल तेवढं उडतं, आंबटपणा येत नाही. शेठनी सवयीप्रमाणे एका दमात संपवायला ग्लास उचलला, तोच दामूकाकांनी चक्क त्यांचं मनगट धरलं.

"आधी नाक, शेठ. घशाला काय कळतंय?"

मोठ्या शेठनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग वास घेतला. पुन्हा घेतला. एक घोट घेतला आणि उभ्या माणसानं आपल्या हातानं खुर्ची ओढली.

"आ शुं छे?" हे आहे तरी काय, असं त्यांनी विचारलं आणि दामूकाकांच्या गप्पांची गाडी सुटली ती थेट इटलीतल्या जिनोव्हा बंदरापर्यंत. मी तळलेली कोलंबी पाठवली. ड्रायव्हर डोकावला, त्याला शेठनी हातानंच घालवलं. दुसरा ग्लास आला तेव्हा त्यांनी तो न सांगता नाकाशी नेला. उठताना धाकट्या भावाला म्हणाले, "खिडकीबिडकी काही नको. हॉल रहेवा दे. आणि टेबलं वाढव."

त्यांची गाडी गेली आणि मला हसू का रडू कळेना. मी हॉलमधली मधली खुर्ची ओढली. "बसा, दामूकाका."

"मी?"

"तुम्हीच."

त्या माणसाला हॉलमध्ये बसलेलं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. ते बसले, जाकिटाचं बटण सोडलं. मी गिऱ्हाईकाला विचारतात तसं विचारलं, "काय आणू, साहेब?"

दामूकाकांनी पाय ऐसपैस पसरले. "सांगतो ना," म्हणाले, "घाई काय आहे?"