खड्ड्यातला सोनटक्का

पावसाळ्यात झाडांना पाणी घालायचं नसतं, काढायचं असतं. हे आईनं मला दहा वेळा सांगितलं आणि दहाही वेळा मी ऐकलं नाही. विश्रांतवाडीत आमच्या बैठ्या घरापुढे चार पावलांची जागा होती. पाऊस लागला की आई पदर खोचून खुरपं घेऊन बसायची. मोगऱ्याच्या आळ्यात पाणी तुंबलं की बोटभर चर काढून गटाराकडे वळवायची, जास्वंदीच्या पानांमागच्या गोगलगाई वेचून डब्यात टाकायची. मी ओट्यावर बसून पत्रकं लिहायचे.

"तू समाज सुधार," ती वर न बघता म्हणायची. "तण मी काढते."

कोपऱ्यात, मोरीचं पाणी जिथून वाहायचं तिथे, सोनटक्का होता. आईच्या माहेरचा, वाघोलीच्या विहिरीवरचा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं त्याचा गड्डा पिशवीत घालून आणला होता. श्रावणात पांढरी फुलं यायची आणि रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थबकायची. आई एक फूल स्टीलच्या पेल्यात घालून आरशापाशी ठेवायची. केसांत मात्र वर्षातून एकदाच माळायची, नारळी पौर्णिमेला, भावाकडे जाताना.

त्या वर्षी ती अशीच फूल माळून दोन दिवस मामाकडे गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या संघटनेचं आंदोलन होतं. चौकाजवळ एक खड्डा होता. त्यात पडून शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका हात गळ्यात बांधून बसल्या होत्या आणि आमच्याकडे तक्रारींच्या नुसत्या पोचपावत्या. खड्डा कोणी बुजवायचा यावरच पत्रव्यवहार चालला होता. ठरलं असं, की खड्ड्यात झाड लावायचं, फोटो काढायचा, पत्रक वाटायचं. पण विकत आणलेली रोपं वीतभर. फोटोत दिसेनात.

"उंच काहीतरी पाहिजे यार," कोणीतरी म्हणालं. "फुलंबिलं असलेलं."

मी घरी गेले, कुदळ घेतली आणि सोनटक्क्याचा आख्खा ठोंब उपटला.

संध्याकाळी परत आणून लावू, असं मला खरंच वाटलं होतं. पण घोषणा झाल्या, फोटो झाला, पोलिसांनी हटकलं, मग चहा आणि चर्चा. सकाळी गेले तर खड्डा बुजवलेला. इतके महिने जे झालं नाही ते आमच्या एका फोटोनं झालं होतं. सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. मी डांबराकडे बघत उभी होते. कडेला सोनटक्क्याची एक दांडी चेपून पडली होती. बाकीचा खाली.

आई परत आली. फाटकातूनच तिला कोपरा दिसला. मी सगळं सांगितलं, वर वर्तमानपत्रातला फोटोही दाखवला. तिनं चष्मा लावून तो नीट बघितला.

"छान आलाय," ती म्हणाली. मग पिशवी खाली ठेवली. "माहेरची विहीर बुजवली गेल्या महिन्यात. दादा सांगत होता. गावाला पार्किंगला जागा हवी होती. दोन्हीकडे सपाट झालं."

मला त्या वेळी शिव्या चालल्या असत्या.

तीन घरं सोडून एक निवृत्त शिक्षक राहतात. आईनं कधीकाळी त्यांना सोनटक्क्याचा गड्डा दिला होता. मी म्हटलं, त्यांच्याकडून मागून आण.

"दिलेलं परत मागू नये."

"मग मी मागते."

"तू? त्यांच्या फाटकावर पाटी आहे ना?"

होती. 'पत्रकवाल्यांनी बेल वाजवू नये. येथील लोकांना वाचता येते.' ती पाटी माझ्यासाठीच होती, आणि त्या फाटकात पाय ठेवायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. सगळ्या शहराला जाब विचारत फिरणारी मी एका पाटीपुढे अडून बसले.

आईनं त्या कोपऱ्यात दुसरं काही लावलं नाही. पण उरलेला सगळा पावसाळा ती त्या रिकाम्या जागेचं तण काढत राहिली. माती भुसभुशीत ठेवली, पाणी साचलं की चर काढला. मी ओट्यावरून बघायचे. पन्नास पावलांवर, त्या शिक्षकांकडे, सोनटक्का फुललेला होता. वारा तिकडून आला की तिचा हात थांबायचा.

होळीच्या सुमारास आई गेली. थोड्या दिवसांच्या आजारानं.

जूनमध्ये मी ती बेल वाजवली. सर बाहेर आले.

"पाटी वाचलीत?"

"वाचली. पत्रक नाहीये. सोनटक्का हवाय."

"कोणत्या खड्ड्यासाठी?"

"घरच्या."

ते आत गेले आणि एक कुंडी घेऊन आले. तिच्यात हातभर वाढलेले दोन कोंब होते.

"गेल्या श्रावणातच काढून ठेवला होता. फोटोत झाड ओळखलं. म्हटलं, येतील मागायला. तुमच्या आई रोज इथून जायच्या, नमस्कार करायच्या आणि जायच्या."

"मग द्यायचात, सर."

"न मागता?" ते म्हणाले. मग कुंडी माझ्या हातात देत म्हणाले, "हो. द्यायला हवा होता."

कोपऱ्यातली माती कुदळ न लावता हातानं उकरली गेली. इतकी मऊ तिनं ठेवली होती. त्या पावसाळ्यात मी चर काढले, गोगलगाई वेचल्या, दोन मोर्चे चुकवले. सर फेरफटक्याला निघाले की फाटकाबाहेरून विचारायचे, "आहे का, की नेलात?"

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पहिलं फूल आलं. मी आरशापाशी पेला ठेवला. घरभर वास होता आणि घरात मी एकटीच. पौर्णिमेला दुसरं फूल ओल्या रुमालात गुंडाळून वाघोलीला गेले. मामा दारात खुर्ची टाकून बसला होता. मनगट मोकळं. त्यानं फूल नाकाशी धरलं आणि समोरच्या पार्किंगकडे बघितलं.

"हिरीवरलाच हाय," तो म्हणाला.

मग त्यानं ते फूल परत माझ्या हातात दिलं. "माळ की. ती माळून यायची."

माझे केस कापलेले, त्यात फूल राहीना. मामानं घरात जाऊन मामीची पिन आणली.