आतोबांचा आवाजांचा तास

आमच्या आतोबांनी मला जितक्या वेळा खाली मान घालायला लावली, तितक्या वेळा माझ्या स्वतःच्या चुकांनीही लावली नसेल. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. जुन्नर तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आहुप्याजवळच्या आमच्या वाडीत चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला त्यांच्याकडे शिकायला ठेवलं, आणि नव्वदीच्या दशकातली माझी शाळकरी वर्षं या गृहस्थांबरोबर चारचौघांत जाणं कसं टाळावं, या विवंचनेत गेली. माणूस निर्व्यसनी, स्वभावानं गरीब. पण कुठं काही आदळलं, फुटलं किंवा पडलं की त्यांच्या अंगात यायचं. इंग्रजी बोलायची वेळ आली की आपण सगळे प्रत्येक मोठ्या आवाजाला बूम नाहीतर बँग म्हणून मोकळे होतो, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. "मराठीत धप्प आणि ठणकन यात तुमची कधी गल्लत होत नाही, मग इंग्रजीवरच अन्याय का?" असं ते विचारायचे, आणि आपण कुठं उभे राहून विचारतोय हे मात्र कधी बघायचे नाहीत.

एकदा मढहून परत येताना एसटीचा टायर फुटला. बायका किंचाळल्या, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी सुटून गाडीभर फिरली, कंडक्टर म्हणाला, बॉम्ब फुटल्यागत झालं राव. आतोबा जागेवरून उठले आणि सगळ्या गाडीला समजावून सांगू लागले, की कुणी याला बूम म्हणेल, तर ते चूक. बूम खोल असतो, घुमत येतो, त्याला शेपूट असतं. डोंगरापलीकडे विहिरीचा सुरुंग उडाला की छातीत जाणवतो तो बूम. हा कोरडा, जवळचा, झाला आणि संपला. हा बँग. कंडक्टरनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बँग तर बँग, सर. आता खाली उतरून जॅकला हात लावा." गाडी हसली, आतोबाही हसले आणि खरंच हात लावायला उतरले. मी खिडकीकडे तोंड फिरवून, यांना आपण ओळखत नाही असा चेहरा करून बसले होते. तेवढ्यात खालून हाक आली, "पोरी, माझी पिशवी धर गं."

लग्नकार्यात तर विचारूच नका. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत आचाऱ्याच्या हातून ताटांची चळत सुटली. भटजी क्षणभर थांबले. त्या शांततेत आतोबा शेजारच्या व्याह्यांना म्हणाले, की हा क्रॅश नव्हे, क्लॅटर. क्रॅशला काहीतरी मोडावं लागतं, खळ्ळकन काच फुटावी लागते, गाडीवर गाडी आदळावी लागते. नुसती ताटं एकमेकांवर वाजत गेली तर तो क्लॅटर. शिकवायचा आवाज त्यांना कमी करता येत नसे, त्यामुळे हे नवरदेवापासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांना कळलं. व्याह्यांनी विचारलं, पावणं कुणाकडचं? आमच्याकडच्या सगळ्यांनी एकाच वेळी अक्षता टाकल्या.

पण सगळ्यात जास्त लाज मला वाटली ती शेजारच्या मळ्यात. दोन हजार साल उलटल्यावर आमच्याकडे उसात बिबट्यांचा सुळसुळाट झाला होता. दिवेलागणीला पोरं बांधावर फटाके वाजवायची, तरी एका पहाटे शेजाऱ्याच्या गोठ्यावर बिबट्या उतरला आणि शेळी घेऊन गेला. सगळे जमले, आतोबाही गेले. माणूस डोक्याला हात लावून बसलेला, आणि हे त्याच्यासमोर उकिडवे बसून विचारतायत, की पत्र्यावर आवाज झाला तो कसा होता? अंग टेकल्यासारखा मऊ आणि जड असेल तर थड. पत्रा कडाडला असेल तर बँग. तो बिचारा म्हणाला, "सर, माजी शेळी गेली." आतोबा गप्प झाले. मला वाटलं, भानावर आले. तर थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "म्हणजे आधी थड असणार." आत्यानं त्यांना दंडाला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या शेजाऱ्याला आपल्या गोठ्यातली शेळी नेऊन दिली, हेही सांगायला हवं. ती देताना ते नेमकं काय बोलले, ते मात्र आम्ही विचारलं नाही.

हे सगळं ज्या तासासाठी चालायचं, तो तास नववीला असायचा. आतोबा एका पोत्यात सामान भरून वर्गात आणायचे. तांब्या, गोट्यांनी भरलेला पत्र्याचा डबा, कांद्याची पिशवी, फुटकी कौलं. मग मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि एकेक वस्तू फरशीवर टाकायची. मुलांनी आधी मराठीत आवाज म्हणायचा, मग इंग्रजीत. धप्प, थड. ठणकन, क्लँग. ज्यांना पुढं इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता आलं नाही, अशी माणसंही आज बाजारात भेटली की तो तास आठवून हसतात. आतोबांना आयुष्यात दुसरा कसला अभिमान नव्हता. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी शाळेनं त्यांना तोच तास पुन्हा एकदा घ्यायला बोलावलं, तेव्हा ते आठवडाभर पोतं भरत होते. मी तोवर नारायणगावला नोकरीला लागले होते. खास रजा काढून आले.

त्या दिवशी त्यांनी उलटा प्रकार केला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मुलांना वस्तू टाकायला सांगितल्या. कांद्याची पिशवी पडली. "थड," आतोबा म्हणाले. बरोबर होतं. मग तांब्या पडला, ठणकन वाजला, फरशीवर गोल फिरत राहिला. आतोबा वाट बघत होते. "टाका की," म्हणाले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकीनं तांब्या उचलून पुन्हा जोरात आपटला. "थड," आतोबा म्हणाले. मग गोट्यांचा डबा सांडला. तोही थड. मागच्या बाकावर खसखस पिकली, पण सरच सांगतायत म्हटल्यावर पुढच्यांनी वहीत लिहून घेतलं. आतोबा वळले. पायाशी गोट्या अजून गडगडत होत्या. त्या बघून त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. त्यांना शरमलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठं बघावं ते मला कळेना.

घरी आल्यावर ते न जेवता पडून राहिले. आत्या चुलीपाशी मला म्हणाली, "बारीक आवाज त्यांना लई दिसापासून येत न्हाई. कुकरची शिट्टी बी न्हाई. जाड आवाज येतात, म्हणून त्यांना वाटतं समदं येतंय. कळलं तर खचतील, म्हणून मीच सांभाळून नेत व्हते."

सकाळी आतोबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून शाळेला निघाले. आत्या आडवी आली. कशापायी जाताय, पोरं इसरली असतील, म्हणाली. तिला हे मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि आता ती ते लपवतही नव्हती.

"विसरली असती तर गेलो नसतो," आतोबा म्हणाले. "त्यांनी लिहून घेतलंय."

मी बरोबर गेले. वर्गात उभं राहून त्यांनी सांगितलं, की काल मी चुकीचं शिकवलं. तांब्याचा आवाज क्लँग, गोट्यांचा क्लॅटर. "मला ते ऐकूच आले नाहीत. माझे कान गेलेत. वहीत दुरुस्त करून घ्या." मुलांनी खोडलं, लिहिलं. कुणी हसलं नाही. मग त्यांनी टेबलावरची शाळेची घंटा उचलून फरशीवर टाकली आणि विचारलं, हा कुठला, तुम्हीच ठरवा. मुलं भांडायला लागली. कुणी क्लँग म्हणे, कुणी बँग; क्लँगवाले जास्त होते. आतोबा एकेका तोंडाकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी मला विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं. त्यांनी कान पुढं केला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. तरी नाही. मग मी सगळ्या वर्गासमोर ओरडले, "क्लँग म्हणतायत, आतोबा."

भांडण सोडून सगळा वर्ग आमच्याकडे बघायला लागला. आतोबांनी मुलांकडे चोरट्या नजरेनं पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"कळलं गं," ते म्हणाले. "जरा हळू बोल. पोरं बघतायत."

या माणसाला थोडी तरी लोकलाज वाटू दे, असं मी शाळेत असताना देवाला किती वेळा विनवलं असेल. त्या दिवशी ती त्यांना वाटली. ती त्यांच्याकडून काढून माझ्या अंगावर घेता आली असती, तर मी त्या वर्गात आणखी कितीही मोठ्यानं ओरडले असते.