दोन दिवसांची पाहुणी

जुईनगरच्या मासळी बाजारात बर्फवाल्याच्या शेजारी कमळीची जागा आहे. एकोणीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते. मी कल्ले उघडून बघायला वाकले की ती म्हणते, "काकी, डागदर व्हायची राह्यलीस तू." कोळणींच्या बोलण्यात 'तुम्ही' क्वचितच येतं. माझ्या शाळेतल्या नन्सना ते खपलं नसतं, मला मात्र कधी खटकलं नाही.

गेल्या वर्षी जूननंतर ती जागा वरचेवर रिकामी दिसू लागली. आधी आठवड्यातून दोनदा, मग चारदा. ऑगस्टमध्ये एकदा भेटली तेव्हा पाटीत जेमतेम थोडे बोंबील होते आणि ती दहाच्या आत उठायच्या घाईत होती.

"आयेला एकटी टाकून आलेय," ती म्हणाली. "धर्माची पयली पाळी, तो तुर्भ्याला. रुतिका होती तवर टेन्शन नव्हतं."

रुतिका तिची मुलगी. ती मे महिन्यात लग्न होऊन उरणला गेली. धर्मा कमळीचा नवरा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात माल चढवणाऱ्यांचा मुकादम. आणि आये म्हणजे पुतळाबाई, कमळीची आई, वय चौऱ्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून सोडलं तेव्हा मुलाच्या, कुंदनच्या, वाशीच्या फ्लॅटवर न्यायचं ठरलं होतं. पण सून नोकरीवर, घर दिवसभर बंद. कमळी म्हणाली, आठ दिवस माझ्याकडे राहू दे, जरा चालायला लागली की ने. त्या आठ दिवसांची तीन वर्षं झाली. पुतळाबाई चालायला लागल्या त्या कॉटपासून उंबऱ्यापर्यंत, तेही कुणी धरलं तर.

कमळीला कुणीतरी सांगितलं होतं की, वाशीतला एक न्यास घरी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्या कुटुंबांना दरमहा साडेचार हजार देतो. तेवढे मिळाले तर ती शेजारच्या शेवंताबाईला सकाळी सात ते बारा बसायला ठेवणार होती. मग बाजार पुन्हा नीट धरता आला असता. ९ सप्टेंबरला तिने माझ्याकडे येऊन अर्ज भरून घेतला. मुख्य अट एकच होती: म्हातारं माणूस अर्जदाराच्या घरी वर्षभर तरी राहत असलं पाहिजे. आधार आणि रेशनकार्ड दोन्हींवर कुंदनचा पत्ता, तेव्हा सगळी भिस्त घरभेटीवर होती.

घरभेट ३ ऑक्टोबरला झाली. मी तिथे नव्हते. चौदा दिवसांनी कमळी पत्र घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, 'ज्येष्ठ व्यक्ती दोन दिवसांसाठी पाहुणी म्हणून आल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. घरात त्यांच्या कायम वास्तव्याची खूण आढळली नाही. अर्ज नामंजूर.'

"खूण आढळली नाही म्हणजे?" मी विचारलं. "ती संडासाची खुर्ची? चादरी? औषधं?"

"शेवंताबाईकडं ठेवलेलं सगलं. सायबीन येनार म्हनून घर लख्ख केलं. वास नको यायला."

मला रागही आला आणि हसूही. तपासणीला येणारी बाई म्हणजे मुलगी बघायला येणारे पाहुणे असल्यासारखं तिने घर आवरलं होतं. भिंतीशी नवी चटई, ताटात बिस्किटं, आणि म्हातारीला हिरवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलेलं.

"आणि आईंनी असं का सांगितलं?"

"ती सगल्यांनाच सांगते. दूधवाल्याला, केबलवाल्याला. दोन दिस झाले आलेय, उद्या जानार. गल्लीत पोरं हसतात, बोलतात, आजीचा उद्या कवा उजाडनार."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आमच्या सेक्टरची कुंपणाची भिंत संपते तिथून गाव सुरू होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं अशी गल्ली. पुतळाबाई कॉटवर भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. उशाशी एक गाठोडं बांधलेलं होतं. मी आधीही दोनचारदा ते पाहिलं होतं, धुवायचे कपडे असावेत असं समजून सोडून दिलं होतं. त्यात दोन लुगडी, कुंकवाची डबी आणि नवऱ्याचा फोटो होता.

मला वाटलं होतं, वयामुळे त्यांचा दिवसांचा हिशेब चुकत असेल. तसं अजिबात नव्हतं.

"तीन वर्सं झाली ते ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. "पन लेकीच्या घरी रायते असं कागदावर लिवून देऊ? मना मुलगा हाय. त्याचं नाव काय राहील? आनि हिला लोक काय बोलतील? आयेला घरात घेतली आनि तिच्या नावानं पैसे खाल्ले. पावनी म्हनली की कोनाचं तोंड उघडत नाय."

त्यांनी खाडीत उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या धरल्या, डोक्यावर पाटी घेऊन बेलापूरपर्यंत विकल्या, नवरा गेल्यावर दोन मुलं वाढवली. आयुष्यात कुणाच्या दारात आयतं बसून खाल्लं नव्हतं. तेव्हा जावयाच्या घरी त्या पाहुणीच होत्या, आणि पाहुणीसारख्याच वागत. धर्मा घरात आला की डोक्यावरून पदर, त्याच्याशी थेट बोलणं नाही. त्याच्या आधी कधी जेवल्या नाहीत.

मी कमळीला बाहेर नेऊन म्हटलं, "न्यासाला फेरअर्ज लिहिते. पण यावेळी आईंनी खरं सांगायला हवं."

"ती नाय सांगनार."

भाऊबीजेला कुंदन ओवाळून घ्यायला आला. त्याला पैशांचं पाकीट तबकात ठेवताना बहिणीच्या तोंडाकडे बघवेना. मग तिला गल्लीच्या तोंडाशी नेऊन त्याने सांगितलं की पनवेलच्या पुढे एक वृद्धाश्रम पाहिलाय, चांगला आहे, एक डिसेंबरला जागा होते आहे, तोवर होय-नाही कळवायचं. त्याने मनाविरुद्धच ठरवलं असावं. आईच्या औषधांचे पैसे तो न चुकता पाठवत होता. पण त्याच्या फ्लॅटवर दिवसा कुणी नव्हतं आणि कमळीचा बाजार बुडत होता. धर्माच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं.

"आईंना हे सांग," मी कमळीला म्हटलं. "आश्रमाचं कळलं तर त्या न्यासाच्या बाईला खरं सांगतील."

कमळीने मान हलवली. "तू वळखत नाय तिला, काकी. आपल्यापाय लेकीचा धंदा बुडतो असं कळलं ना, तर ती खरंच जाईल. सोताच बोलेल, चला, गाडी बोलवा."

मी फेरअर्ज लिहिला. शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या, शेवंताबाईचा अंगठा घेतला. आणि कमळीला बजावलं की यावेळी घरातली एक वस्तू हलवायची नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी पाच. मागच्या वेळचीच मुलगी आली, प्रियदर्शिनी. बारीक अंगाची, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं शांत. कमळी, मी आणि शेवंताबाई तिथे होतो. धर्मा ओट्यावर थांबला होता, कारण तो आत असला की सासूबाई बोलणार नाहीत.

"आजी, मला ओळखलंत?"

"वळखलं. त्या दिसाला चा घेतला नायस तू. आज घे."

"घेते. तुम्ही अजून इथेच आहात म्हणायच्या?"

"जानार उद्या," पुतळाबाई म्हणाल्या. "जावयाच्या घरी किती दिस रायाचं? दोन दिस झाले, बस झाले."

कमळीने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला मोरीशेजारच्या शेगडीकडे वळली. तिची पाठ मला दिसत होती. प्रियदर्शिनीने कॉटजवळची संडासाची खुर्ची पाहिली, खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या पाहिल्या, पण कागदावर काही लिहीना. मला तिची अडचण कळत होती. वस्तू तर दोन दिवसांतही आणून ठेवता येतात, आणि म्हातारी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणत होती.

तेवढ्यात मोरीतल्या नळाने घरघर केली.

"कमळे," पुतळाबाईंचा आवाज एकदम चढला, "पानी आलं. चा ठेव बाजूला, पयला निलं पिंप लाव. आज सोमवार, शेवंतीनं मोटर लावली की आपल्याला थेंब नाय गावायचा."

"मी इथं उभी हाय, आजे," शेवंताबाई म्हणाली.

"तू हायस, तुजा पोरगा घरी हाय. बटन दाबायला किती वेल लागतो?"

प्रियदर्शिनी हसली. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आजी, पाणी रोज याच वेळी येतं?"

"साडेपाचला. सोमवार-गुरवार लवकर येतं नि लवकर जातं. शिमग्याच्या आधी दोन पिंपं भरायची, आता दीडच भरतो. गल्लीच्या तोंडाशी तो नवा माला चढला ना, तवापासून."

"आणि पावसाळ्यात?"

"गढूल. मी तुरटी फिरवते. औंदा बरं होतं. गेल्या पावसाल्यात तर बादलीच्या तळाला बोटभर चिखल. त्याच्या मागच्या पावसाल्यात पाइप फुटलेला, अकरा दिस टँकर. रुतिका रांगेत उभी रायची नि मी हितून वरडायची, पोरी, हंडा पुढं सरकव."

"मीटर बघायला कोण येतं?"

"पोपट. आधी दुसरा यायचा, दाढीवाला. पोपट बरा. पन त्याला पाच नि सहा वळखू येत नाय, दोनदा बिल चुकलं."

पुतळाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. बोलताना त्यांची नजर मोरीवर होती, पिंप कुठवर भरलंय ते बघत. मग शेवंताबाई फसकन हसली, पदर तोंडाला लावला, आणि आम्हाला कुणालाच आवरेना. ओट्यावर धर्मा खोकल्याचं सोंग करत होता.

"आजी, दोन दिवसांत बरंच कळलं की तुम्हाला," प्रियदर्शिनी म्हणाली.

पुतळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना उमगलं असणार. पण हार मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "डोले शाबूत हायत माजे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या.

"तुम्ही पाहुण्या आहात, ते मी तसंच लिहिते," ती मुलगी म्हणाली. "पाण्याचंही लिहिते. चालेल ना?"

"पान्याचं लिव. ते खरं हाय. मोटरचं पन लिव."

ती चहा पिऊन गेली. तिने कागदावर काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही. पण ज्या मुलीने मागच्या वेळी म्हातारीचा शब्द प्रमाण मानून अर्ज फेटाळला होता, तिने यावेळीही तिचा शब्दच प्रमाण मानला असावा.

२५ नोव्हेंबरला दुपारी दाराची बेल वाजली. कमळी जिना चढून आली होती आणि दारातल्या चपलांच्या स्टँडवरच बसली. मी पाणी दिलं. तिने सगळा तांब्या संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं, काकी. अर्ज मंजूर." मी आत बोलावलं तर म्हणाली, बसू दे हितंच जरा. जूनपासून मी तिला असं हात सैल सोडून बसलेलं पाहिलं नव्हतं.

तिथूनच तिने कुंदनला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. "बरं झालं गं," तो म्हणाला. आणि पुन्हा, "लय बरं झालं. मी आश्रमवाल्यांना नाय सांगतो." मग त्याने विचारलं, रविवारी आईला भेटायला आलो तर तू घरी असशील ना. रुतिकाच्या लग्नानंतर तो फक्त भाऊबीजेला आला होता. कमळी म्हणाली, घरी नसेन, बाजारात असेन, तू ये, आये हाय.

आश्रमाचं पुतळाबाईंना आजही ठाऊक नाही. न्यासाचे पैसे मात्र लपले नाहीत, कारण डिसेंबरपासून शेवंताबाई रोज सातला येऊन बसू लागली आणि तिला त्याचे पैसे मिळतात हे तिने पहिल्याच दिवशी स्वतः सांगितलं. आता लेकीच्या घरावर आपला भार नाही एवढंच म्हातारीने त्यातून घेतलं, आणि पाहुणीसारखं अवघडून बसणं तिने सोडलं.

परवा मी बाजारात गेले. कमळीची पाटी भरलेली होती आणि भोवती चार गिऱ्हाइकं. मी कल्ले बघितले, ती नेहमीचं बोलली. साडेदहा वाजले तरी तिला उठायची घाई नव्हती. परतताना गावातून आले. घराबाहेर शेवंताबाई सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती, चेहरा वैतागलेला.

"काकी, तूच सांग हिला," ती म्हणाली. "मी बसायचे पैसे घेते. काल सोडे निवडून घेतले, आज जवला."

आतून पुतळाबाई म्हणाल्या, "बसूनच निवडतेस ना?"