सून ‘जाते’ म्हणाली

माझी जर्मन सून पहिल्यांदाच नवीन पनवेलला आमच्याकडे राहून परत निघाली होती. दारात वाकून नमस्कार करत ती म्हणाली, “आई, मी जाते.”

“जाते म्हणू नये गं. येते म्हण.”

“पण पुन्हा कधी येईन, ते मला माहीत नाही. मग खोटं कसं बोलू?”

ती गेली आणि माझं कशातच लक्ष लागेना. दूध उतू गेलं. उगाच गॅलरीत जाऊन उभी राहिले. विमान उतरल्याचा तिचा फोन आला, तेव्हा मनातली भीती सांगून टाकली.

ती म्हणाली, “आई, आमच्याकडेही निघताना ‘पुन्हा भेटू’ असंच म्हणतात. मी कधी विचारच केला नव्हता.”

कधी भेटू, हे विचारायचं मात्र माझ्या ओठांवरच राहिलं.