पांढरा वर, लाल खाली

झेंडेमास्तर मुळात शर्ट शिवायचे. पण त्यांच्या शर्टाच्या दोन बाह्या जन्मात कधी सारख्या झाल्या नाहीत, आणि गिऱ्हाईक मेलं नेमकं बाह्याच बघतं. सरळ रेषेत टीप मारण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा बंदरावरच्या कचेरीने त्यांच्याकडून एक झेंडा शिवून घेतला, तो झकास जमला, आणि तेव्हापासून अडतीस वर्षं हा माणूस एका खोलीत बसून जगातले देश शिवतो आहे. हॉटेलं, परिषदा, खेळांचे सामने, जहाजं, सगळ्यांचे झेंडे त्यांच्या मशीनखालून जातात.

नुसते शिवून गप्प बसले तर ते मास्तर कसले! झेंडा न्यायला आलेल्या माणसाला आधी स्टुलावर बसवायचं आणि मग त्याला धडा द्यायचा, ही त्यांची रीत. इंडोनेशियाचा लाल म्हणजे धैर्य, पांढरा म्हणजे शुद्धता, आणि नावातल्या 'नेशिया'चा अर्थच बेटं. पोलंड म्हणजे शेतांचा मुलूख. आयर्लंडचा हिरवा एका पंथाचा, नारिंगी दुसऱ्याचा, आणि मधला पांढरा दोघांनी भांडू नये म्हणून. हे शेवटचं ऐकून त्यांची बायको चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली होती, "म्हणजे मी."

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या घरात दोन वर्षं बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते. एकुलत्या एका मुलाने आपल्यामागे मशीनवर बसावं अशी मास्तरांची इच्छा. त्याने इंजिनांचं शिक्षण घेतलं आणि जहाजावर नोकरी धरली. निघायच्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दीडशे देश शिवलेत, पाहिला एकही नाही. मी बघून येतो."

हे मास्तरांना झोंबलं, कारण ते खरं होतं. "बघ, खुशाल बघ," ते म्हणाले, "पण मला सांगायला फोन करू नकोस."

मुलगाही त्यांचाच. त्याने केला नाही.

फक्त प्रत्येक बंदराला पोचला की तो आईच्या फोनवर त्या देशाच्या झेंड्याचा इमोजी पाठवायचा. सोबत एक अक्षर नाही. बायको फोन मास्तरांच्या पुढ्यात ठेवायची आणि पाणी प्यायला म्हणून आत जायची. मास्तर चष्मा पुसायचे, तांदळाच्या दाण्याएवढा तो झेंडा बघायचे आणि फोनवाल्यांच्या नावाने खडे फोडायचे. "पोलंडचा पाचास आठ, इंडोनेशियाचा दोनास तीन. या गाढवांनी सगळ्यांना एकाच मापात बसवलंय!" बायको बाहेर येईपर्यंत त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे देश आणि तारीख टिपलेली असायची. कुठून कुठे जायला जहाजाला किती दिवस लागतात, हे त्यांना आता तोंडपाठ होतं.

आणि मग त्या गुरुवारी घोळ झाला.

मंगळवारी इंडोनेशिया आला होता, लाल वर, पांढरा खाली. मास्तरांनी टिपून ठेवला. गुरुवारी दुपारी पुन्हा फोन वाजला, बायकोने तो पुढ्यात ठेवला, आणि मास्तरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. पांढरा वर होता. लाल खाली.

पोलंडचा झेंडा तसाच असतो हे काय मास्तरांना कुणी सांगायला हवं होतं? गेल्याच महिन्यात त्यांनी असे सहा शिवले होते. पण दोन दिवसांत जहाज इंडोनेशियाहून पोलंडला जाईल कसं? त्यांनी कॅलेंडर काढलं, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. महिना तरी हवा. म्हणजे हा पोलंड नाही. हा इंडोनेशियाच, उलटा लावलेला.

समुद्रावर उलट्या झेंड्याचा अर्थ एकच: आम्ही संकटात आहोत, धावा. बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कप्तानाने मास्तरांना हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि मास्तरांनी पुढे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. मुलगा तर ते ऐकतच मोठा झाला. ज्याला उघड लिहिता येत नाही असा माणूस बापाला आणखी कसं कळवणार?

"तू विचार त्याला," ते बायकोला म्हणाले.

"काय विचारू? मला सगळे झेंडे सारखेच दिसतात. उलटा आहे हे तुम्हाला कळलं, तुम्हीच विचारा."

"मी?"

"नाहीतर राहू द्या. असेल बरा." आणि ती निवांत मटार सोलत बसली. आईचं काळीज म्हणे! मास्तरांना तिचा असा राग आला की ते जेवलेच नाहीत.

शुक्रवारी मशीनवर बसले, पण हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. चाचे, आग, पगार अडकवणारा मालक, परक्या बंदरातली कोठडी, एकेक डोळ्यांपुढून जायला लागलं. एका परिषदेसाठी आयर्लंडचे बारा झेंडे द्यायचे होते. बाराच्या बारा झेंड्यांना त्यांनी दोरीची पट्टी भलत्याच बाजूला लावली, नारिंगी पुढे आला, हिरवा मागे गेला, आणि आयर्लंडचा सरळ आयव्हरी कोस्ट झाला. अडतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. ते टिपा उसवत बसले, दर दहा मिनिटांनी उठून दारापर्यंत गेले, परत आले, कात्री कुठे ठेवली ते विसरले. ती गळ्यातच लटकत होती.

शनिवारी ते जहाज कंपनीच्या कचेरीवर चालत गेले. कुलूप. रविवारीही कुलूप असणार हे माहीत होतं, तरी रविवारी सकाळी दोरा आणायला जातो सांगून ते पुन्हा जाऊन आले. त्या दोन दिवसांत त्यांनी बायकोचा फोन कितीदा हातात घेतला आणि कितीदा खाली ठेवला याला गणती नाही. मुलाच्या नावावर बोट न्यायचं आणि मागे घ्यायचं. काय बोलणार? "मला फोन करू नकोस" म्हणणाऱ्याने आधी फोन करायचा? आणि खरंच कुणी उचलला नाही तर? या दुसऱ्या प्रश्नाची त्यांना जास्त भीती वाटत होती.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. टेबलामागच्या बाईने जहाजाचं नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं, संगणकात बघितलं.

"ते बोटीवर नाहीत, काका."

"नाही म्हणजे?"

"मागच्या बंदरात उतरले. पुढची नोंद आमच्याकडे अजून आलेली नाही."

"उतरला की उतरवला?"

"ते इथे लिहिलेलं नसतं. घरी काही कळवलं नाही का त्यांनी?"

कळवलंय ना, मास्तर मनात म्हणाले, चार दिवसांपूर्वीच कळवलंय आणि मी आपला बसलोय ऐट सांभाळत. घरी कसे पोचले ते त्यांना सांगता आलं नसतं. चपला न काढता ते स्वयंपाकघरात शिरले, ओट्यावरचा फोन उचलला आणि या वेळी बोट मागे घेतलं नाही.

तिसऱ्या घंटेला आवाज आला. "हं, आई, बोल."

मागे कुठेतरी लोखंडावर हातोडे पडत होते.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

"बाबा?" मुलगा घाबरलाच. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय! तू कुठे आहेस? कुणी डांबून ठेवलंय का? झेंडा उलटा का पाठवलास?"

"उलटा कुठे? पोलंडला आहे मी, बाबा."

"दोन दिवसांत? जहाज काय उडत गेलं?"

"मी उडत आलो. विमानाने. कंपनीने दुसऱ्या बोटीवर घेतलंय, ती इथे गोदीत दुरुस्तीला आहे."

विमान! दोन वर्षं जहाजाचे दिवस मोजणाऱ्या माणसाला विमान आठवलंच नव्हतं. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

"आईला सांगितलं होतं मी निघायच्या आधी," मुलगा म्हणत होता. "काल पण बोललो की आम्ही. दर रविवारी बोलतो."

"दर रविवारी? मग ते झेंडे कशाला पाठवतोस तिला?"

मुलगा म्हणाला, "आईला कुठे झेंड्यातलं कळतं, बाबा?"

मास्तरांनी मान वर केली. बायको ओट्याशी उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि चार दिवस मला असं तळमळू दिलंस?"

"सांगितलं असतं तर केला असतात फोन?" ती म्हणाली. "मी दोन वर्षं तळमळले. तुमचे चारच दिवस झाले."

मास्तरांनी आता कुठे बाहीने डोळे पुसले.

"बाबा," फोनमधून मुलगा विचारत होता, "आहात ना?"

"आहे, आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "ठेवू नकोस."