तीन कर्नल, तीन कळप

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वडील करमाडहून शहरात माझ्या खोलीवर राहायला आले. मी तेव्हा बीएसडी घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टीम वापरायचो. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. इथं तो साध्या प्रोग्रॅमसारखाही चालवता येतो. एकाच जुन्या कॉम्प्युटरवर मी असे तीन चालवत होतो, आणि त्याची मला घमेंड होती. वडिलांना दाखवायला एक मुद्दाम बंद पाडला. बाकीचे दोन चालूच राहिले.

वडील स्क्रीनकडं वाकले.

“आमीबी कळप तीन जागी ठेवायचो,” ते म्हणाले. “एकात रोग शिरला तरी दोन वाचायचे. पोरंबी तशीच ठेवली.”

थोरला भाऊ मेंढरांमागं पैठणकडं गेला होता, मधला कन्नडला ऊसतोडीला. मी हुशार म्हणून मला शहरात शिकायला ठेवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो.

“शहरात मीच का?” मी विचारलं.

वडिलांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“तू चालायला लई कच्चा होतास,” ते म्हणाले.